कवड्याच्या सतरा ओळी

मण्यार आणि कवड्या हे दोन साप शेजारी शेजारी ठेवले, तर सातवीतला मुलगाही ते वेगळे ओळखील. अडचण अशी की ते शेजारी शेजारी कधी येत नाहीत. एकच येतो, तोही मेलेला, बहुतेक वेळा डोकं नसलेला. सोबत एक माणूस असतो, आणि त्या माणसाचं पुढे काय होणार हे त्या सापाकडे बघून सांगायचं असतं.

डहाणू-तलासरी भागातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी औषधं देतो. कागदोपत्री मी औषध निर्माता, लोकांच्या तोंडी कंपाउंडर. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, केंद्राची नाही. घर मसोलीला. पावसाळ्याचे चार महिने मात्र मी केंद्रामागच्या खोलीतच राहायचो आणि शनिवारी संध्याकाळी घरी जायचो. घरी गेल्यावर बायको पहिला प्रश्न विचारायची, "या आठवड्यात किती साप?" मी आकडा सांगितला की म्हणायची, "मग कणकेला हात लावू नका." साबणाने तीनदा धुतलेल्या हातांनाही तिला वास यायचा. मला कधी आला नाही.

सापांची ओळख हे माझं काम नव्हतं. ऐंशीनंतर इथे आलो तेव्हा मला नाग सोडून एकही साप नावाने माहीत नव्हता. पण रुग्णाबरोबर साप यायचा, डॉक्टरीणबाई रुग्णाजवळ असायच्या आणि साप कोणी तरी बघायला लागायचा. त्यांच्या कपाटात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, खवल्यांच्या आकृत्यांचं. ते मी दोन पावसाळ्यांत वाचून काढलं. त्यानंतर मागच्या पडवीतलं टेबल आणि एनॅमलचा पांढरा ट्रे माझ्याकडे आला.

साप कशातूनही येतात. खताच्या गोणीतून, दुधाच्या डब्यातून, मिटलेल्या छत्रीतून. डहाणू रोडचे एक किराणा दुकानदार, शेठ, लोणच्याच्या बरणीत घेऊन आले होते. बरणीत वरपर्यंत रॉकेल आणि तळाशी बुटाच्या नाडीएवढा एक प्राणी.

"कंपाउंडरभाय, नागाचं बच्चू हाय. बाथरूममधी मिळाला."

"शेठ, हा वाळा. आंधळा असतो. मुंग्यांची अंडी खातो."

"आंधळा? मग माझ्याकडे बघत कसा होता?"

"बघत नव्हता."

"तीन दिवस झाले, घरवाळी नाहायला शेजारी जाते. तिला काय सांगू, आंधळा होता?"

त्यांना तो नागच हवा होता. एवढं रॉकेल वाळ्यावर खर्च झालं हे त्यांना पटेना. मी नोंद केली, 'वाळा, निर्विष', आणि ते बरणी घेऊन नाराज होऊन गेले. दुकानात ती बरणी वर्षभर 'नागाचं पिल्लू' म्हणून ठेवलेली होती असं नंतर कळलं.

डोकं नसण्याचं कारण सांगायला हवं. मरताना सापाच्या डोळ्यात मारणाऱ्याचं चित्र उतरतं आणि ते बघून त्याचा जोडीदार सूड घ्यायला येतो, असं इकडे मानतात. म्हणून साप मारला की आधी कोयत्याने डोकं तोडतात, लांब नेऊन दगडाखाली पुरतात आणि मग धड दवाखान्यात आणतात. हे फक्त पाड्यांवरच चालतं असंही नाही. रेल्वेतल्या एका बुकिंग क्लार्कने, बी.कॉम. झालेल्या, धामण आणली होती ती डोक्याचा पार लगदा करून. का असं विचारलं, तर म्हणाला, "मानत नाही हो मी. पण रिस्क कशाला?"

डोकं नसलेल्या सापाची एक गोष्ट सवय होईपर्यंत त्रास देते. तो हलत राहतो. तुटून तास झालेला असतो, रक्त सुकलेलं असतं, आणि तुम्ही पेन्सिलीच्या टोकाने त्याच्या पाठीवरचे खवले मोजत असता. अकराव्या ओळीवर तो सावकाश कूस बदलतो. मान असायला हवी ते टोक उचलतो, ट्रेच्या कडेवर टेकवतो आणि थांबतो, कोणी हाक मारल्यासारखा. पहिल्या वर्षी मी पडवीतून बाहेर पळालो होतो. पुढे तो हलला की मी फक्त पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.

आता ओळखीबद्दल. आपल्याकडे माणूस मारतील असे जमिनीवरचे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी जे मारून आणले जातात त्यांतले बहुतेक बिचारे असतात. दिवड पाण्याजवळची, तापट, चावते पण विष नाही. धामण लांबीमुळे नाग म्हणून मरते. डुरक्या घोणस अंगावरच्या डागांमुळे घोणस म्हणून मरतो. कवड्या मरतो मण्यार म्हणून. तो घराच्या भिंतीत पाली खायला येतो, आणि त्याच्या काळपट अंगावर पांढरे पट्टे असतात. मण्यारच्याही काळ्या अंगावर पांढरे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारचे मानेनंतर थोडं अंतर सोडून सुरू होतात, जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण धड चिखलात लोळलेलं, काठीने फोडलेलं असलं की पट्ट्यांवर विश्वास ठेवता येत नाही. तेव्हा मोजायचं. अंगाच्या मध्यावर एका बाजूच्या पोटापासून दुसऱ्या बाजूच्या पोटापर्यंत खवल्यांच्या ओळी मोजल्या तर मण्यारच्या पंधरा भरतात, कवड्याच्या सतरा. मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग असते, कवड्याला ती नसते. शेपटीखालचे खवले मण्यारचे एकसंध, कवड्याचे दुभागलेले. तिन्ही गोष्टी जुळल्या की शंका उरत नाही.

या मोजणीचा मला अभिमान होता, हे लपवत नाही. आमच्याकडे एक वही होती, तिच्यात एक रकाना होता, 'चावलेल्या सापाचे नाव'. तो मी भरायचो आणि डॉक्टरीणबाई पुढचं ठरवायच्या. साप निर्विष असला तर धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन तास बसवून ठेवणं आणि घरी. विषारी असला तर सापाची लस. माझी एकही ओळख चुकलेली नव्हती. आजही चुकलेली नाही. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

साल देत नाही. पावसाळ्याचा शेवट होता, भात पोटरीला आलेलं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तलासरीकडच्या एका पाड्यावरून चैती नावाच्या बाईला आणलं. वय तिशीच्या आत. नवरा देवजी तिला पाठीवर घेऊन साडेतीन किलोमीटर चालत आला होता. मागून सासू, हातात नायलॉनची पिशवी.

चैती चालू शकत होती, बोलत होती. पोट दुखतं म्हणाली. पहाटे पोटात कळ येऊन जाग आली. सासूने तिची चटई झटकली तर खालून साप निघाला. देवजीने मारला, डोकं तोडलं, पुरलं, आणि धड पिशवीत.

"कुठे चावला?"

"चावला नाय," चैती म्हणाली. "कानाजवळ मुंगी लागल्यासारखी वाटली. मुंगीच असंल."

मी आणि सिस्टरने दोघांनी कान पाहिला. खूण नाही, सूज नाही.

डॉक्टरीणबाई जीप घेऊन दुसऱ्या केंद्रात शस्त्रक्रियांच्या शिबिराला गेल्या होत्या, दुपारी परतणार होत्या. केंद्रात सिस्टर आणि मी. सिस्टर वसईच्या, हुशार आणि फटकळ. त्या चैतीचा रक्तदाब घ्यायला लागल्या, मी पिशवी घेऊन पडवीत गेलो.

काळपट अंग, पांढरट पट्टे, मध्ये काठीचा मार. दीड वीत. मी मोजलं. सतरा. उलट बाजूने मोजलं, सतरा. पाठीवर मोठी रांग नाही. शेपटी उलटी केली, खवले दुभागलेले. कवड्या. सात वाजून पंचवीस मिनिटांनी मी रकान्यात लिहिलं, 'कवड्या, निर्विष', आणि सही केली.

आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घाबरू नका. कवड्या आहे. कवड्याने माणूस मरत नाही."

देवजी हसला. सासू हसली नाही. पाड्यावरची माणसं लहानमोठ्या सगळ्यांना अरे-तुरे करतात, तशी म्हणाली, "तुझी खात्री हाय ना रं?"

"बाय, मी मोजलाय."

पोटदुखीसाठी मी मिक्श्चर दिलं आणि औषधाच्या खिडकीवर जाऊन बसलो, कारण बाहेर रांग लागली होती.

पुढचा वेळ मी नंतर मिनिटामिनिटाने कागदावर मांडला. साडेसातला चैती म्हणाली, समोरची खिडकी दोन दिसते. सासू म्हणाली, रात्री झोप नाही म्हणून. पावणेआठला ती डोळे मिटून पडली. सात पन्नासला तिने पाणी मागितलं, तेव्हा तिचा आवाज नाकातून आला, आणि प्यायलेलं पाणीही नाकातून आलं. सिस्टर खिडकीत आल्या.

"भाऊ, तिच्या पापण्या बघायला या."

"झोप आली असेल."

"बोटाने वर केल्या तर धरत नाहीत."

"सिस्टर, कवड्या आहे तो. सतरा ओळी आहेत."

असं मी म्हणालो. दहा वर्षं मी माणसांना औषधं देत होतो आणि पापणी न उचलणाऱ्या बाईबद्दल मला सांगायला एवढंच सुचलं. रांगेतले अजून पाच-सहा कागद मी उरकले. मग सिस्टर परत आल्या. या वेळी त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली.

"साप तुमचा खरा असेल हो. बाई पण खरी आहे."

मी आत गेलो. चैती उताणी पडली होती. डोळे अर्धवट, जबडा सैल, छाती उथळ हलत होती. मी म्हटलं, "चैती, जीभ बाहेर काढ." जिभेचं टोक ओठापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तेव्हा मला ते कळलं, जे पुस्तकात होतं आणि माझ्या रकान्यात नव्हतं. मण्यार झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. त्यांनी चटईखाली सापडला तो साप आणला होता. चावलेला साप कोणी पाहिलाच नव्हता.

आठ वाजून दहा मिनिटांनी पहिली लस सुरू झाली. डॉक्टरीणबाईंची वाट न बघता सिस्टरने सलाइन लावलं, मी कुप्या फोडून पावडर विरघळवत गेलो. शिल्लक नऊ होत्या, नऊही दिल्या. एका माणसाला सायकलवर शिबिराकडे पिटाळलं. पावणेनऊला चैतीचा श्वास थांबला.

केंद्रात श्वास द्यायची एक रबरी पिशवी होती. तोंडानाकावर मुखवटा दाबून धरायचा आणि पिशवी हाताने पिळायची. पिळली की छाती वर येते, सोडली की खाली जाते. मिनिटाला पंधरा-सोळा वेळा. ती पिशवी थांबली की माणूस संपला. सिस्टरने मुखवटा धरला, मी पिळायला लागलो. ताल चुकू नये म्हणून मोठ्याने मोजत होतो.

त्यानंतरचे तास मला कशासारखे सांगावेत ते कळत नाही. भर दिवस होता. बाहेर ऊन पडलं होतं. दारात तीस-चाळीस माणसं उभी होती आणि कोणी बोलत नव्हतं. खोलीत पिशवीचा फुस्स आवाज आणि माझे आकडे. आमच्यासमोर एक बाई होती जी हलत नव्हती, जिच्या ओठाला सुई टोचली तरी ओठ हलत नव्हता. अकराच्या सुमारास सिस्टरने पापणी उचलून बॅटरी मारली. बाहुली मोठी झालेली, उजेडाला हलली नाही. असा डोळा मी फक्त मेलेल्या माणसाचा पाहिला होता.

"सिस्टर," मी म्हणालो, "बाहुल्या गेल्या. संपलं वाटतं. किती वेळ पिळायचं?"

"नाडी?"

मी मनगट धरलं, घड्याळ लावून मोजली. "एकशे आठ."

"मग पिळा."

मी पिळत राहिलो. आशेने नाही, हे खरं सांगतो. एकशे आठ हा आकडा होता म्हणून.

सासू चैतीच्या उशाशी खाली बसली होती आणि तिच्या कानाला तोंड लावून अखंड बोलत होती. कोंबडी अंड्यावर बसलीय. शेजारणीने सूप परत केलं नाय. धाकटा तुझ्या लुगड्यावर झोपलाय. तिच्या बोलण्याने माझे आकडे चुकत होते.

"बाय," मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही."

"तुला येतं ना? मग तू तुझं मोज."

थोड्या वेळाने चैतीच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. मी ते कापसाने टिपलं आणि कागदावर वेळ लिहिली, अकरा वीस. अर्थ लावला नाही.

दारातल्या माणसांनी अर्थ लावला होता. ती गेलेली आहे आणि कंपाउंडर मढ्यात वारा भरतोय, असं त्यांचं म्हणणं. एक म्हातारा आत येऊन देवजीला हळू सांगून गेला की आता घरी न्यावं, उजेड आहे तोवर. दुसरे दोघं पोरांचं कोण बघणार यावर बोलायला लागले. "वरच्या पाड्यावर माझ्या साडूची पोरगी हाय," एक जण म्हणाला, "कामाला चांगली हाय." देवजी खाली बघत राहिला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.

दुपारी एकला जीप आली. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घातली, उरलेली औषधं दिली. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर रस्ता असा होता की जीपमध्ये पिशवी धरता आली नसती. म्हणून इथेच. पिळायला आता आम्ही सहा जण होतो, पाळ्या लावल्या. देवजी शिकला. तो मोजत नव्हता, जात्यावरची ओवी म्हणतात तसं काही तरी नाकातल्या नाकात म्हणत होता, पण त्याचा ताल माझ्यापेक्षा चांगला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, म्हणजे श्वास थांबल्यापासून सव्वासत्तावीस तासांनी, तिच्या उजव्या हाताची करंगळी हलली. संध्याकाळी तिने स्वतःचा श्वास घेतला.

तिसऱ्या दिवशी घसा सुटला. मी वॉर्डात गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून पेज पीत होती आणि देवजी समोर अपराध्यासारखा बसला होता.

"वरच्या पाड्याची कोण?" ती त्याला विचारत होती.

"कोण?"

"कामाला चांगली ती."

देवजीने माझ्याकडे बघितलं. मी खाटेच्या कडेवर बसलो. चैतीने सगळं ऐकलं होतं. डोळे उघडता येत नव्हते, बोट हलवता येत नव्हतं, श्वास आपला नव्हता, पण ऐकू येत होतं. सासूची कोंबडी ऐकली होती. घरी न्यावं हे ऐकलं होतं. सुई लागलेली कळली होती. मी म्हणालो तेही तिने मला सांगितलं, माझ्याच शब्दांत, माझ्याच आवाजासारखा आवाज काढून. "संपलं वाटतं. किती वेळ पिळायचं."

मेलेल्याने सांगावं तसं ते होतं, आणि ती पेज पीत सांगत होती.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"वाटली. मग मी म्हटलं, हा मघाशी म्हणाला ना, कवड्या हाय. कवड्याने माणूस मरत नाय. ह्याने मोजलाय. मग मी कशी मरंन? ते धरून पडून राह्यले."

तिथे मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. देवजी माझ्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होता. पण तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की या लोकांच्या लेखी साप मेला आहे. मी कवड्या म्हणालो, तो मेला, संपलं. खरा मण्यार त्या घरातच आहे. तिची दोन पोरं गेल्या दोन रात्री त्याच जमिनीवर झोपली आहेत.

"चैती," मी म्हणालो, "माझं चुकलं. कवड्या तुला चावलाच नाही. चावला तो मण्यार. तो घरात असेल."

तिच्या हातातली वाटी कलंडली. देवजी उठून धावायलाच लागला. त्याला दारात सासूने अडवलं.

"पोरं माळ्यावर झोपतात," ती म्हणाली, "पहिल्या दिसापासनं."

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला काय लागतं? कवड्या लई घरात निघतात आमच्या. चावतात पण. कवड्या चावून कोण असं पडतं का रं? तू मोजत व्हतास, मी कशाला मधी बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवजीबरोबर पाड्यावर गेलो. कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं दोन खणांचं घर. चैतीची चटई जिथे असायची तिथे उशाकडे, कूड जमिनीला टेकतो त्या जागी, उंदराचं बीळ होतं. बिळाच्या तोंडातून पातळ कागदासारखं काही तरी बाहेर आलं होतं आणि वाऱ्याने हलत होतं. कात. देवजीने काठीने ओढून काढली. अडीच हात भरली, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत अख्खी. सापाच्या कातीत डोळ्यांवरचे पापुद्रेही निघून येतात, दोन स्वच्छ गोल काचांसारखे. पाड्यावरचं कोणी ती हातात धरायला तयार झालं नाही. मी तिथेच उकिडवा बसून मोजलं. पंधरा. पाठीवर मधोमध मोठी षट्कोनी रांग.

मण्यार उंदीर खातो, आणि दुसरे सापही खातो. कवड्या त्याला विशेष आवडतो. म्हणजे ज्या सापावरून मी ही बाई सुरक्षित आहे असं ठरवलं, त्याच्याच मागे बहुधा तो घरात आला होता. दोघं एका चटईखाली होते.

कूड सोडला, बीळ हातभर खणलं, चूल उकरली. साप सापडला नाही. देवजीने आठवड्याभरात घर उतरवलं आणि पाऊणशे पावलांवर दुसरं बांधलं. जुन्या घराचं एकही लाकूड त्याने नव्या घराला लावलं नाही, आणि ती जागा अजून मोकळी आहे.

मी कात कागदात गुंडाळून केंद्रात आणली. त्या दिवशी चैतीला घरी सोडायचं होतं. कात तिला दाखवावी की नाही हे ठरत नव्हतं, पण तिने स्वतःच मागितली. उलगडून मांडीवर ठेवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"हा?"

"हा. त्या दिवशी मी आधी तुझ्याकडे बघायला पाहिजे होतं. लस पाऊण तास आधी सुरू झाली असती. कदाचित तुझा श्वास थांबलाच नसता."

सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी उगाच चादर नीट करत होत्या.

"तू मण्यार म्हणाला असतास," चैती म्हणाली, "तर ते ऐकूनच मी सोडून दिलं असतं."

मला हे मान्य नाही. ती लसीने जगली, सिस्टरच्या नजरेने जगली, तीस तासांवर पिळलेल्या पिशवीने जगली. वाद घालायची जागा ती नव्हती. देवजीने तिला पाठीवर घ्यायला पाठ वाकवली, तर ती म्हणाली, "चालते मी. वरच्या पाड्यावरनं जाऊ, बघू दे कोण ती." आणि तिघं गेली.

संध्याकाळी मी वही काढली. रकान्याचं शीर्षक खोडून 'आणलेल्या सापाचे नाव' केलं आणि त्याच्या शेजारी, रुग्णाच्या पापण्या, गिळणं आणि श्वास यांच्यासाठी तीन नवे रकाने आखले. ते आधी भरायचे, साप नंतर. 'कवड्या, निर्विष' ही नोंद तशीच ठेवली, कारण ती बरोबर होती. तिच्याखाली लिहिलं, 'चावलेला साप मण्यार, कातीवरून', आणि पुढे वेळ टाकली, सात पंचवीस ते आठ दहा.

डॉक्टरीणबाई सही करताना तिथे थांबल्या.

"हा वेळ कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

त्यांनी सही केली.